आजाऱ्याचं फळ

आमच्या घरात सफरचंद हे फळ नव्हतं, ते दुखणं होतं. आंबे उन्हाळ्यात येत, केळी सत्यनारायणाला येत, बोरं-आवळे शाळेच्या फाटकाशी मिळत. पण सफरचंद कुणीतरी अंथरुणाला खिळल्याशिवाय उंबरठा ओलांडत नसे. धाकट्या भावाला टायफॉइड झाला तेव्हा त्याला रोज अर्धं सफरचंद आणि उरलेल्या अर्ध्यात आम्ही तिघं, असा हिशेब होता. आपल्यालाही एकदा बेताचा टायफॉइड व्हावा, अशी प्रार्थना मी तेव्हा केलेली आठवते. पुढे नोकरीला लागल्यावर हॉस्पिटलात कुणाला भेटायला जायचं म्हणजे पिशवीत चार सफरचंदं न्यायची, हे कुणी न शिकवताच कळलं. पेशंटच्या उशाशी किती सफरचंदं साठली आहेत, त्यावरून त्याचं ऑफिसातलं वजन ओळखता येई.

दुसरी गोष्ट आंबण्याची. आमची आई आंबोळीचं पीठ आंबवी, तेवढं एक माफ. बाकी काहीही आंबलं की ते मोरीत. त्यातून वडील सरकारी नोकर. तेव्हाच्या मुंबई राज्यानं १९४९ साली दारूबंदीचा कायदा केला आणि वडिलांनी तो जणू आपल्याच सहीनं निघाल्यासारखा पाळला. उसाचा रस घरात तासभर राहिला तरी ते त्याच्याकडे संशयानं बघत.

अशा घरात वाढलेला मी, निवृत्तीनंतर सहा महिन्यांसाठी लेकीकडे इंग्लंडला गेलो आणि थेट सफरचंदांच्या चिखलात उभा राहिलो. अक्षरशः चिखलात. लेकीचं घर हेरफर्डशरमध्ये, वेल्सच्या सरहद्दीजवळ. आम्ही सप्टेंबरात पोचलो तेव्हा शेजारच्या आवारात गवतावर सफरचंदांचा सडा पडला होता. कुणी उचलत नव्हतं. लहानपणची भूक जागी झाली. मी कुंपणावरून वाकून एक उचललं, धोतराला पुसतात तसं पँटला पुसलं आणि चावलं.

आवळा तुरट असतो, पण त्यावर पाणी प्यालं की गोड लागतं. या सफरचंदानं पाण्यालाही दाद दिली नाही. टाळू, जीभ आणि दात यांनी आपापसातले संबंध तोडले. समोर शेजारचे आजोबा उभे होते. वय त्र्याऐंशी. माझी नात त्यांना ‘सफरचंद-आजोबा’ म्हणते. ते शांतपणे म्हणाले, “ती खायची नसतात. प्यायची असतात.”

सायडरशी माझी ओळख झाली ती अशी.

सायडर म्हणजे सफरचंदाचा आंबवलेला रस. कृती ऐकाल तर हसाल, कारण कृती जवळजवळ नाहीच. सफरचंदं झाडावरून पाडायची किंवा पडू द्यायची. गवतावर दोन-तीन आठवडे तशीच ठेवायची. अंगठा दाबला आणि तो आत गेला की फळ तयार. मग धुवायची, ठेचायची आणि दाबून रस काढायचा. पूर्वी ठेचायला गोल दगडी घाणा असे. आपल्या तेलाच्या घाण्याला बैल, त्यांच्याकडे घोडा, एवढाच फरक. ठेचा गवताच्या काड्यांत किंवा जाड कापडात गुंडाळून थरावर थर रचत आणि वरून लाकडी मळसूत्र पिळत. आजोबांकडे याच घाण्याची आणि मळसूत्राची छोटी घरगुती आवृत्ती होती. वीस किलो फळांचा कसाबसा दहा लिटर रस निघाला आणि माझ्या खांद्याचे त्याहून जास्त हाल झाले.

हा रस एका पोटफुगी काचेच्या बरणीत भरायचा. बुचात वाकडी नळी, नळीत थोडं पाणी. आतला वायू पाण्यातून बुडबुड्यानं बाहेर पडतो, बाहेरची हवा आत जात नाही. यीस्ट घालायचं नाही. ते फळाबरोबर आणि दाबाच्या लाकडातून आपलं आपण येतं. दोन-तीन दिवसांनी बरणी बोलायला लागली. बुडुक. जरा थांबून पुन्हा बुडुक. वर तपकिरी फेस. आमच्या घरात अशा बरणीची रवानगी थेट मोरीत झाली असती.

“आता काय करायचं?” मी विचारलं.

“आता काही करायचं नाही,” आजोबा म्हणाले. “हेच लोकांना जमत नाही.”

मला ते उत्तम जमतं. छत्तीस वर्षं मी सरकारी कचेरीत होतो. पण नुसतं बसून कंटाळा आला म्हणून गावातल्या वाचनालयात जाऊन या बरणीची वंशावळ काढायला बसलो. तेव्हा कळलं, की सायडर आपोआप होते हे खरं असलं, तरी तिला आपोआप होऊ द्यायला फार थोडे लोक तयार होते.

आधी नाव. मूळ हिब्रू ‘शेकार’, म्हणजे कुठलंही कडक पेय. ग्रीकमध्ये ते ‘सिकेरा’ झालं, लॅटिनमध्ये ‘सिसेरा’, फ्रेंचांनी त्याचं ‘सीद्र’ केलं आणि तिथून इंग्रज ‘सायडर’ घेऊन आले. वाटेत द्राक्ष, खजूर, धान्य सगळे गळाले आणि एकटं सफरचंद उरलं. हेरफर्डच्या मोठ्या चर्चमध्ये पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचं हातानं लिहिलेलं एक इंग्रजी बायबल आहे. त्याला ‘सायडर बायबल’च म्हणतात. लूकच्या शुभवर्तमानात बाप्तिस्मा देणारा योहान मद्य आणि कडक पेय घेणार नाही असं आहे, तिथे या प्रतीत ‘वाइन आणि सायडर’ घेणार नाही असं आहे. म्हणजे वाळवंटात राहणाऱ्या त्या बिचाऱ्या साधूला सायडरही सोडायला लावली. जी त्यानं कधी पाहिलीच नव्हती, ती सोडायला त्याला फारसं जड गेलं नसावं.

सतराव्या शतकात सायडरला भाग्याचे दिवस आले. लॉर्ड स्कुडामोर या हेरफर्डशरच्या जमीनदारानं ‘रेडस्ट्रीक’ नावाचं सफरचंद नावारूपाला आणलं. जॉन बील नावाच्या धर्मोपदेशकानं १६५७ साली हेरफर्डशरच्या बागा साऱ्या इंग्लंडनं कित्त्यासारख्या गिरवाव्यात असं पुस्तकच लिहिलं. खुद्द न्यूटननं १६७६ साली केंब्रिजच्या बाजूला लावायला रेडस्ट्रीकची कलमं मिळावीत म्हणून पत्रव्यवहार केला. म्हणजे सफरचंद खाली का पडतं, एवढ्यावर त्याचं कुतूहल थांबलेलं नव्हतं. पडल्यावर त्याचं काय करायचं याचीही चौकशी चालू होती.

कलमाची ही गोष्ट महत्त्वाची. सफरचंदाच्या बीतून आईसारखं झाड येत नाही; काय येईल ते देव जाणे. आपल्या हापूसचंही असंच. म्हणून हवी ती जात टिकवायची तर फांदीच तोडून दुसऱ्या झाडावर बांधावी लागते. आजोबांच्या आवारातली सात झाडं त्यांच्या वडिलांनी बांधलेली. नावं तर अशी, की नगरपालिकेच्या उमेदवारांची यादी वाटावी: ‘मेंढीचं नाक’, ‘तपकिरी नाकाड’, ‘कोल्ह्याचं पिल्लू’, ‘दहा आज्ञा’. या शेवटच्याचं फळ आडवं कापलं की गाभ्याभोवती तांबडे ठिपके दिसतात, दहा. डेव्हनकडे एकीचं नाव ‘कंबरपट्टा सैल कर’ असं आहे. त्याचा अर्थ मी नातीला सांगितला नाही.

त्याच सुमाराला इंग्रजांना कोळशाच्या भट्टीत जाड, मजबूत बाटल्या करता येऊ लागल्या. १६६२च्या डिसेंबरात रॉयल सोसायटीपुढे ख्रिस्तोफर मेरेट या गृहस्थांनी निबंध वाचला, की दारूत साखर टाकून ती बाटलीत फसफसवता येते. सायडरवाले ही युक्ती करतच होते. शॅम्पेनचा जनक म्हणून ज्यांचं नाव घेतात ते दोम पेरिन्यों आपल्या मठात पोचले १६६८ साली. हे सांगताना सफरचंद-आजोबांचा चेहरा, हापूसचा मान दुसऱ्या कुणा आंब्याला दिल्यावर रत्नागिरीकराचा होतो तसा झाला होता.

पण चांगलं चाललेलं सरकारला दिसलं, की पुढचं सांगायला नको. सात वर्षांच्या युद्धात इंग्लंड कर्जात बुडालं आणि १७६३ साली लॉर्ड ब्यूटच्या मंत्रिमंडळानं सायडरवर कर बसवला. एका मोठ्या पिंपामागे चार शिलिंग. अर्थमंत्री होते सर फ्रान्सिस डॅशवुड. पाच आकडी रक्कम त्यांना झेपत नाही, अशी विरोधकांची थट्टा. लोक बिथरले ते चार शिलिंगांपायी नव्हेत, वसुलीच्या तऱ्हेपायी. कर करणाऱ्यानं भरायचा आणि सायडर तर घरोघर होई. म्हणजे अबकारीचा शिपाई आता कुणाच्याही घरात शिरून पिंपं मोजणार! सायडरच्या मुलखात ब्यूटचे पुतळे जाळले गेले. थोरल्या पिटनं पार्लमेंटात केलेलं भाषण याच प्रसंगाचं म्हणून सांगतात. गरिबाच्या मोडक्या झोपडीत वारा शिरेल, पाऊस शिरेल, पण त्याच्या परवानगीवाचून राजा शिरू शकणार नाही, असा त्याचा आशय. १७६६ साली हा कर रद्द झाला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या वसाहतींवरचा मुद्रांक करही मागे घेतला गेला. दोन्हीकडे तंटा एकच होता: पैसे राहू द्या, आधी आत कुणाला विचारून आलात ते सांगा.

हे वाचताना मला वडील आठवले. आमच्या चाळीत एकदा दारूबंदीचे शिपाई आले होते, तळमजल्यावरच्या एका घरात. वडील गॅलरीत उभे राहून “बरं झालं” म्हणाले. पण शिपायांनी त्या घरातली लोणच्याची बरणीसुद्धा हुंगून बघितली आणि ती बाई रडायला लागली, तेव्हा ते आत निघून गेले आणि दार लावून घेतलं. त्या रात्री जेवले नाहीत. कायदा बरोबर होता याबद्दल त्यांना शेवटपर्यंत शंका नव्हती. जेवले मात्र नाहीत.

अमेरिकेनं १९१९ साली दारूबंदीचा कायदा केला तेव्हा घरी केलेल्या सायडरसाठी आणि फळांच्या रसासाठी त्यात एक फट ठेवली होती. रस नशा आणणारा नसावा, एवढी अट. रसानं ही अट किती दिवस पाळायची, हे रसावरच सोपवलेलं. शेतकऱ्याच्या तळघरातलं पिंप आपणहून बोलायला लागतं, त्याला समन्स कसं बजावणार?

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे सरकार दुष्ट आणि पिंप गरीब गाय. तसंही नाही. पिंपाचे गुन्हे पिंपाच्या नावावर लिहायला हवेत.

पहिला गुन्हा शिशाचा. डेव्हनमध्ये लोकांच्या पोटात भयंकर कळा येत, हातपाय लुळे पडत. ‘डेव्हनची कळ’ असं त्या दुखण्याचं नावच पडलं होतं. जॉर्ज बेकर या डॉक्टरनं १७६७ साली दाखवून दिलं, की डेव्हनचे लोक घाण्याचे दगड सांधायला आणि दाबाला आतून शिसं वापरतात. सायडरचा आंबटपणा ते शिसं विरघळवतो. हेरफर्डशरमध्ये शिसं वापरत नाहीत आणि तिथे ही कळही नाही. बेकर स्वतः डेव्हनचा. गावकऱ्यांनी आणि धर्मोपदेशकांनी त्याला घरभेदी ठरवलं. आपल्या गावच्या विहिरीत दोष आहे असं सांगणाऱ्याचं सगळीकडे हेच होतं. पुढे शिसं हळूहळू निघालं आणि कळही थांबली.

दुसरा गुन्हा मोठा, आणि तो पिंपापेक्षा मालकाचा. शेतमजुराला मजुरीचा काही भाग सायडरमध्ये मिळे. मजूर सकाळी आपलं छोटं लाकडी पिंपळं घेऊन मालकाच्या दारात जाई. रोज दोन-तीन लिटर, सुगीच्या दिवसांत जास्त. बरं, ही सायडर पहिल्या धारेची असेलच असं नाही. पिळून झालेला चोथा पाण्यात भिजवून पुन्हा पिळत, त्याचं पातळ पेय मजुरांसाठी. आपल्याकडे कामवालीसाठी त्याच चहापत्तीवर पुन्हा पाणी ओततात, तशातलाच प्रकार. मालकाला रोख पैसे कमी द्यावे लागत. मजुराच्या बायकोच्या हाती आठवड्याच्या शेवटी रिकामं पिंपळं येई, आणि रिकाम्या पिंपळ्याची भाकरी होत नाही. १८८७ साली कायद्यानं मजुरीत दारू द्यायला बंदी केली. घरात शिरणाऱ्या शिपायाविरुद्ध ओरडलेला मी या कायद्याला मनातून टाळ्या वाजवून मोकळा झालो. इतिहासाचा हा ताप आहे. एक बाजू घ्यावी, तर पुढच्याच पानावर दुसरी बाजू डोळे वटारून उभी असते.

गंमत अशी, की त्याच १८८७ साली हेरफर्डमध्ये पर्सी बुल्मर नावाच्या, चर्चमधल्या रेक्टरच्या मुलानं सायडर करून विकायला सुरुवात केली आणि त्यातून प्रचंड कारखाना उभा राहिला. मजुराचं पिंपळं गेलं आणि दुकानातली बाटली आली. १९७६ साली कर परत आला, पण वर्षाला सुमारे सात हजार लिटरपर्यंत करणाऱ्या लहान माणसाला त्यातून सोडून दिलं. दोनशे वर्षांनी का होईना, सरकारला दारावर टकटक करायची अक्कल आली.

इथवर माझं वाचन आलं आणि डिसेंबरात सफरचंद-आजोबा शेडसमोर बर्फावर घसरून पडले. मांडीचं हाड मोडलं.

मी आणि आमच्या सौभाग्यवती हॉस्पिटलात भेटायला निघालो. रिकाम्या हातानं कसं जायचं? सवयीनं मी वाटेत चार सफरचंदं घेतली. पलंगापाशी पिशवी उघडली तेव्हा आजोबा माझ्याकडे पाहतच राहिले. सात झाडांच्या मालकाला मी विकतची सफरचंदं आणली होती! हसताना त्यांना कळ आली आणि नर्स धावत आली. मग मी सारवासारव केली, की तुमच्याच इतिहासात सफरचंद हे औषध आहे. १७४७ साली जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरनं स्कर्व्ही झालेल्या बारा खलाशांच्या सहा जोड्या केल्या. एका जोडीला संत्री-लिंबं, एकीला समुद्राचं पाणी, एकीला व्हिनेगर, असं देऊन पाहिलं. संत्री-लिंबंवाले सर्वांत आधी उठले. त्यांच्या खालोखाल रोज एक क्वार्ट सायडर मिळालेले दोघे.

आजोबांनी हे ऐकून घेतलं आणि मग हळूच म्हणाले, “बरणीतला गाळ खाली बसला असेल. निवळी दुसऱ्या बरणीत काढायला हवी. नाहीतर चव बिघडते. वडील गेले त्या वर्षीसुद्धा मी ते चुकवलं नव्हतं. कराल का तुम्ही?”

परतताना बसमध्ये मी गप्प. आयुष्यात दारूच्या दुकानासमोरून जाताना पलीकडच्या फुटपाथनं गेलेला मी. सौभाग्यवतींकडे पाहिलं. त्यांची चतुर्थी होती. त्या म्हणाल्या, “त्यात कसला विचार? बरणी ती बरणी. शेजारचं माणूस दवाखान्यात आहे आणि आपण त्याचं लोणचं नासू द्यायचं?”

आणि मग त्यांनीच सूत्रं हाती घेतली. रिकामी बरणी उकळत्या पाण्यानं तीनदा धुतली. रबरी नळीची दोन्ही टोकं पुसली. “तळाला नळी टेकवू नका, गाळ ढवळेल. आणि वरपर्यंत भरा, मोकळी जागा ठेवली की लोणच्याला बुरशी येते.” एकही इंग्रजी पुस्तक न वाचता त्या जे सांगत होत्या, ते सगळं मी वाचनालयात वाचून आलो होतो. तुपाच्या रंगाचं ते पेय एका बरणीतून दुसरीत उतरत होतं आणि मी वडिलांची मनातल्या मनात क्षमा मागत होतो. नळी तोंडानं ओढून धार सुरू करावी लागते, त्यात अर्धा घोट पोटात गेला. तो कामाचा भाग होता.

संक्रांत झाली. सतरा जानेवारीला तिथे सफरचंदाच्या झाडांची पूजा असते. इंग्लंडनं १७५२ साली पंचांग बदलताना अकरा दिवस गाळले. बागवाल्यांनी ते मानलं नाही आणि आपली जुनी तिथी धरून ठेवली. झाडाच्या मुळाशी सायडर ओततात, फांद्यांवर सायडरमध्ये भिजवलेले पावाचे तुकडे ठेवतात आणि भुतं पळवायला डबे बडवतात. आजोबा वॉकर धरून आवारात उभे होते. नातीनं डबा बडवला. सौभाग्यवतींनी आजोबांच्या हातावर तिळगूळ ठेवला. गोड बोला, हे त्यांना इंग्रजीत समजावताना माझी तारांबळ उडाली. त्यांनी मला लहान पेल्यात नवी सायडर दिली. चव सांगू? तुरट, आंबट आणि शेवटी कुठेतरी खोल सफरचंद. मुरलेली नव्हती अजून. “उन्हाळ्यापर्यंत थांबायला हवं,” ते म्हणाले. आमची परतीची तिकिटं मार्चची होती.

मे महिन्यात लेकीचा फोन आला. पलीकडून आजोबाही बोलले. झाडांना मोहोर आलाय आणि बरणी पुन्हा बोलायला लागली आहे. जुने लोक म्हणत, झाड फुललं की त्याच्या रसाला कळतं. शास्त्र म्हणतं, हवा तापली की दुसरे जंतू जागे होतात आणि आंबटपणा सौम्य करतात, त्याचे ते बुडबुडे. दोन्ही मतं मला पटतात.

“तब्येत कशी आहे?” मी विचारलं.

“उत्तम,” ते म्हणाले. “सफरचंदं पाठवू नका.”